वंगणाचा संकोच

१९०४ साली न्यू यॉर्कच्या व्हॅन हॉर्न अँड सॉटेल या कंपनीने डॉक्टरांसाठी 'के-वाय' नावाची एक पारदर्शक जेली काढली. नळ्या आणि तपासणीची उपकरणे शरीरात सरकवताना घर्षण होऊ नये आणि काम आटोपल्यावर जेली पाण्याने धुऊन निघावी, एवढाच हेतू. १९१७ मध्ये ती जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेली. डॉक्टरांच्या टेबलावरची ही ट्यूब अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागली ती १९८० मध्ये. पोलादी उपकरण योनिमार्गात घालताना वंगण लागते, हे वैद्यकाला पाऊण शतक पटलेले होते. नवरा-बायकोंनाही ते लागू शकते, हे मानायला मात्र सगळ्यांनीच वेळ घेतला.

आपल्याकडे तो वेळ अजून संपलेला नाही. औषधाच्या दुकानात कंडोमची रंगीत पाकिटे गल्ल्याशेजारीच टांगलेली असतात. जेली मागायला मात्र जीभ रेटत नाही. कंडोम घेणारा निदान पुरुष म्हणून मिरवू शकतो. जेली घेणाऱ्या पुरुषाला वाटते की आपण कुठेतरी कमी पडलो, आणि बाईला वाटते की आपल्यातच काही बिघडले. ऑनलाइन विक्रीने दुकानदाराची नजर चुकवायची सोय झाली, पण ही मनातली नजर काही चुकत नाही. तिच्या मुळाशी एक चुकीचे गणित आहे: ओलावा म्हणजे इच्छा, आणि कोरडेपणा म्हणजे प्रेमाचा अभाव. शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले की हे गणित टिकत नाही.

योनिमार्गात ओलावा निर्माण करणाऱ्या ग्रंथी नसतात. योनीच्या तोंडाशी दोन बार्थोलिन ग्रंथी असतात आणि सगळा ओलावा त्यांतूनच येतो, असे पूर्वी समजले जाई. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत निरीक्षणे करून १९६६ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही समजूत मोडीत निघाली. कामोत्तेजनेत योनीच्या भिंतीभोवतीच्या रक्तवाहिन्यांत रक्त वाढते आणि त्या रक्तातला पातळ द्रव भिंतीतून पाझरतो. ग्रंथींचा वाटा थेंबभर. म्हणजे ओलाव्याला तीन गोष्टी लागतात: पुरेसा रक्तप्रवाह, जाड आणि लवचिक भिंत, आणि ती भिंत तशी ठेवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक. यांतले काहीही कमी झाले, तर माणूस कितीही आवडीचा असो, पाझर कमीच पडणार.

इस्ट्रोजेन कमी होण्याचे प्रसंग बाईच्या आयुष्यात ठरलेले आहेत. पहिला बाळंतपणानंतरचा. अंगावर पाजणाऱ्या आईच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेले असते आणि इस्ट्रोजेन खाली दबलेले. योनीची त्वचा त्या काळात पाळी गेलेल्या बाईसारखी पातळ होते. वर टाक्यांची जखम, अपुरी झोप, आणि "आता सव्वा महिना झाला ना" असा घरातला हिशेब. सव्वा महिन्यानंतर सगळे पूर्ववत होते, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. शरीराला सव्वा महिना माहीत नसतो. स्तनपान सुरू आहे तोवर कोरडेपणा राहू शकतो आणि ते थांबल्यावर बहुधा आपोआप जातो. मधल्या काळात पाण्यावर आधारलेली साधी जेली वापरली, तर कितीतरी जोडप्यांच्या पहिल्या वर्षातला ताण हलका होईल. प्रसूतीनंतरच्या तपासणीत डॉक्टर गर्भनिरोधाबद्दल विचारतात, पण दुखते का, हे क्वचितच विचारतात.

दुसरा प्रसंग पाळी जाण्याचा. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चारेक वर्षे आधी. इस्ट्रोजेन घटले की योनीच्या भिंतीतले ग्लायकोजेन घटते. त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात आणि त्यांनी राखलेली आम्लता जाते. तरुणपणी ३.८ ते ४.५ असणारा पीएच पाचाच्या पुढे सरकतो. भिंत पातळ, कोरडी, चटकन खरचटणारी होते. लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्गही त्याच ओघात येतो. या सगळ्याला २०१४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञ संस्थांनी मिळून एक लांबलचक नाव दिले. नावापेक्षा महत्त्वाचा आहे एक फरक: अंगातून वाफा निघणे काही वर्षांत थांबते, हा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय सहसा थांबत नाही, वाढत जातो. आपल्या बायका तो "आता वय झालं" या तीन शब्दांत संपवतात. "तिथं आग होते" एवढे वाक्य डॉक्टरपर्यंत पोहोचायला वर्षे जातात, आणि कधी कधी तेही लघवीच्या तक्रारीच्या आडूनच येते.

बाकीची कारणे भराभर सांगता येतील. काही नैराश्यविरोधी औषधे, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रोखायला दिलेली औषधे, केमोथेरपी, अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया, मधुमेह, डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन आजार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटाला किरणोपचार दिले, तर योनिमार्ग कोरडा होतोच, शिवाय आक्रसतो. मग डायलेटर नावाच्या गुळगुळीत कांड्या जेली लावून नियमित वापरायला सांगितल्या जातात. हा कर्करोग भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो, म्हणून ही शेवटची ओळ दिसते तेवढी छोटी नाही.

हे सगळे प्रसंग आजार किंवा संप्रेरकांचे. पण पंचविशीतल्या, ठणठणीत, इच्छा असलेल्या बाईलाही ओलावा कमी पडू शकतो, किंवा सुरुवातीला असतो आणि मध्येच आटतो. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रश्न असा होता की माणूस "मी उत्तेजित आहे" म्हणतो तेव्हा जननेंद्रियाची मोजणी त्याला कितपत दुजोरा देते. पुरुषांत हा सहसंबंध ०.६६ आला, स्त्रियांत ०.२६. मन एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, हे बाईच्या बाबतीत सर्रास घडते. याला दोन्ही बाजूंनी धार आहे. कोरडी असलेली बाई मनापासून इच्छुक असू शकते. आणि ओली झालेली बाई मुळीच इच्छुक नसू शकते. ओलावा ही संमती नव्हे. ज्या दिवशी जोडप्यातल्या दोघांना हे कळते, त्या दिवशी जेलीची ट्यूब ही तक्रार उरत नाही.

मग ट्यूबचा उपयोग होतो किती? सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा. डेबी हर्बेनिक यांच्या चमूने २,४५३ स्त्रियांना सहा वेगवेगळी लुब्रिकंट वाटून दिली, चार पाण्यावर आधारलेली आणि दोन सिलिकॉनची, आणि त्यांच्याकडून रोजची नोंद मागवली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लुब्रिकंट वापरलेल्या दिवशी सुख आणि समाधान दोन्हींची गुणसंख्या जास्त होती, जोडीदाराबरोबर आणि एकटीने घेतलेल्या कामसुखातही. जळजळ, खाज यांसारख्या तक्रारी एकूणच कमी होत्या, आणि पाण्याच्या लुब्रिकंटमध्ये सिलिकॉनपेक्षा कमी. या अभ्यासाला मर्यादा आहेत: स्त्रिया स्वखुशीने आलेल्या, आणि आपण लुब्रिकंट वापरतो आहोत हे त्यांना माहीत होते. ज्या बाईला मुळात या विषयात रस आहे तीच असल्या अभ्यासात नाव नोंदवणार. तरीही एक गोष्ट ठळक आहे. या बायका रोगी नव्हत्या. लुब्रिकंट हे फक्त दुखण्यावरचे औषध नाही, ते सुखाचेही साधन आहे. घर्षण कमी झाले की घाई जाते, आणि घाई गेली की उत्तेजनेला लागणारा वेळ मिळतो. कृत्रिम ओलाव्याने नैसर्गिक ओलावा "सवयीने" बंद पडतो, अशी भीती घातली जाते. तिला काही आधार नाही.

आता निवडीकडे. दुकानात तीन जाती दिसतात. पाण्यावर आधारलेली जेली सर्वांत सोपी. कंडोमला चालते, चादरीवर डाग पाडत नाही, धुऊन निघते. फक्त लवकर सुकते, आणि सुकली की पुन्हा थोडी जेली किंवा नुसते दोन थेंब पाणी लावावे लागते. सिलिकॉनची शरीरात शोषली जात नाही, सुकत नाही, थोडी पुरते. पाळी गेलेल्या बायकांना ती अनेकदा जास्त मानवते. कंडोमलाही ती चालते, नव्हे, कंडोमच्या पाकिटातला बुळबुळीतपणा बहुधा सिलिकॉन तेलाचाच असतो. मात्र सिलिकॉनच्याच उपकरणांबरोबर ती वापरू नये, पृष्ठभाग खराब होतो. महाग असते, आणि फरशीवर सांडली तर पाय घसरतो, हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत.

तिसरी जात तेलाची, आणि इथे महाराष्ट्राचे स्वयंपाकघर व देवघर दोन्ही मदतीला धावतात: खोबरेल, तूप, शेंगदाण्याचे तेल. कोकणात तर खोबरेलाशिवाय दुसरा विचारच होत नाही. कंडोम वापरायचा नसेल आणि संसर्गाची तक्रार नसेल, तर शुद्ध खोबरेल अनेकींना निर्वेधपणे चालते, हे खरे. पण कंडोम असेल तर नाही म्हणजे नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॅटेक्स कंडोम खनिज तेलाच्या संपर्कात फक्त साठ सेकंद ठेवले, तर फुगवून फुटेपर्यंतची त्यांची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटली. बाहेरून कंडोम पूर्वीसारखाच दिसतो. बेबी ऑइल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, मसाजचे तेल, सगळे याच यादीत. व्हॅसलीनची आणखी एक तक्रार आहे. लॉस एंजेलिसमधल्या १४१ स्त्रियांच्या २०१३ च्या अभ्यासात, ज्या बायकांनी मागच्या महिन्यात योनीत पेट्रोलियम जेली वापरली होती त्यांच्यात जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. ओठांना चालते म्हणून आतही चालेल, हा तर्क इथे लागू नाही. उरली थुंकी. फुकट, हाताशी, आणि दोन मिनिटांत वाळणारी. तोंडातले जंतू सोबत नेणारी. सिनेमांनी तिला फार प्रतिष्ठा दिली आहे.

मात्र पाण्याची जेली घेतली की काम झाले, असेही नाही. इथे एक बाब आहे जिच्याकडे ग्राहकाचे लक्ष जात नाही, कारण पाकिटावर ती बहुधा छापलेलीच नसते: ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या कणांची दाटी. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. फार दाट जेली योनीच्या पेशींचे तसेच करते. त्यांच्यातले पाणी ओढून घेते, पेशी सुकतात, वरचा थर सुटू लागतो. म्हणजे ओलाव्यासाठी लावलेली जेली दुसऱ्या दिवशी कोरडेपणा आणि चुरचुर देऊन जाते. योनीतल्या द्रवाची ऑस्मोलॅलिटी काही शे मिलिऑस्मोलच असते. बाजारातल्या अनेक नामांकित जेलींची ती काही हजारांत आहे, आणि कारण एकच: ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचा सढळ वापर. ही द्रव्ये जेलीला गोडसर, घसरट आणि टिकाऊ करतात. "गरम" जेलीत ती सर्वांत जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर एक सल्लापत्र काढले: ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० च्या खाली असावी आणि तशी उत्पादने मिळेपर्यंत १,२०० पेक्षा जास्त तरी नसावी, योनीसाठी पीएच साधारण ४.५, गुदमार्गासाठी ५.५ ते ७. हे आकडे खरेदी करणाऱ्या सरकारांसाठी होते, पण ग्राहकानेही ते जवळ बाळगावेत. आकडा छापलेला नसेल तर घटकांची यादी वाचावी. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वरच्या दोन-तीन नावांत असेल, सुगंध, चव, गरम-थंड असे गुण सांगितले असतील, तर नाजूक त्वचेच्या बाईने ती ट्यूब परत ठेवावी. स्ट्रॉबेरीचा वास ही गरज कुणाची होती, हा प्रश्न वेगळा.

घटकांकडे दुर्लक्ष केले की काय होऊ शकते, याचे मोठे उदाहरण नॉनॉक्सिनॉल-९. हे शुक्रजंतुनाशक अनेक वर्षे कंडोमवर आणि जेलीत घातले जाई. प्रयोगशाळेत ते एचआयव्ही विषाणूही मारत असे, म्हणून मोठी आशा होती. आफ्रिकेतले तीन देश आणि थायलंड इथल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, आणि २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उलटाच निकाल छापून आला: वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीची लागण जास्त. हे रसायन योनीच्या आतल्या थरालाच इजा करत होते आणि विषाणूला वाट मोकळी होत होती. आज एचआयव्ही टाळण्यासाठी त्याची शिफारस कुणी करत नाही. एखाद्या वस्तूवर हे नाव दिसले तर टाळावे.

एचआयव्हीचा विषय निघाला म्हणून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांबद्दलही बोलायला हवे. गुदमार्गाला स्वतःचा ओलावा जवळजवळ नसतो आणि त्याचे अस्तर एका थराचे, पातळ. तिथे वंगण ही आवड नाही, गरज आहे. त्याशिवाय कंडोम फाटतो आणि अस्तरही. भारताच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार डोक्यावर असतानाही समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांसाठीच्या कामात कंडोमच्या जोडीला पाण्याच्या जेलीचा समावेश केला. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या 'हमसफर ट्रस्ट'सारख्या संस्थांचे कार्यकर्ते हे सगळे उघडपणे समजावून सांगत आले. मौज अशी, की लुब्रिकंटचे शास्त्र ज्यांना कायदा गुन्हेगार ठरवत होता त्यांना लग्नाच्या जोडप्यांपेक्षा आधी आणि नीट कळले.

मूल हवे असलेल्या जोडप्यांना एक वेगळी धास्ती असते. काचेच्या नळीत बऱ्याच जेली शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात, थुंकीही मंदावते. पण काचेची नळी म्हणजे शरीर नव्हे. अमेरिकेत गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २९६ स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात लुब्रिकंट वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्यांना दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. महिन्यातले "ते" चार दिवस धरून, घड्याळ लावून होणाऱ्या संभोगात कोरडेपणा येणारच. वंध्यत्वाचे उपचार चालू असतील तर शुक्रजंतूंना मानवणारी जेली डॉक्टरांना विचारून घ्यावी. बाकीच्यांनी या भीतीपायी दुखणे ओढवून घेऊ नये.

दुकानातून जेली मागताना होणारी एक गफलत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लाजत "जेली द्या" म्हटले की कधी कधी हाती लिग्नोकेनची ट्यूब येते, रुग्णालयात लघवीची नळी घालताना वापरतात ती. तिच्यात बधिर करणारे औषध असते. दुखणे कळत नाही म्हणून खरचटणेही कळत नाही, आणि जोडीदारही बधिर होतो. दुखणे ही सूचना असते. ती दाबणे हा उपाय नाही. अपवाद आहे, पण तो डॉक्टरांच्या हातातला: स्तनाच्या कर्करोगातून बरे झालेल्या स्त्रियांना योनिमुखाशी लिग्नोकेनचे द्रावण लावून, वर सिलिकॉन लुब्रिकंट वापरून आराम पडल्याचे २०१५ च्या एका छोट्या चाचणीत दिसले.

पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणात आणखी दोन साधने आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरली जातात म्हणून गोंधळ होतो. लुब्रिकंट त्या वेळेपुरते. योनीचा मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावायचा, संभोग असो-नसो. आणि इस्ट्रोजेनचे मलम किंवा गोळी योनीत ठेवायची, ते भिंतीलाच पुन्हा जाड करते. २०१८ मध्ये ३०२ स्त्रियांवरची एक अमेरिकी चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला इस्ट्रोजेनची गोळी, दुसऱ्याला मॉइश्चरायझर, तिसऱ्याला नुसता औषधहीन जेल. बारा आठवड्यांनी सगळ्यांच्या मुख्य तक्रारी कमी झाल्या, आणि जवळपास सारख्याच. काहींनी याचा अर्थ "इस्ट्रोजेन निरुपयोगी" असा लावला. मला तो घाईचा वाटतो; वारंवार संसर्ग होणाऱ्या, भिंत फारच पातळ झालेल्या बाईला इस्ट्रोजेनची गरज असू शकते. पण साध्या, संप्रेरक नसलेल्या जेलपासून सुरुवात करायला हरकत नाही, आणि बऱ्याच जणींना तेवढ्यानेच भागते.

या विषयावर मराठीत बोलायची परंपरा नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. कर्व्यांनी बाईच्या कामसुखाला हक्क मानले. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंचे 'निरामय कामजीवन' कितीतरी लग्नांत भेट म्हणून गेले आणि कपाटात कपड्यांखाली वाचले गेले. डॉ. महिंदर वत्सा नव्वदी ओलांडल्यावरही मुंबईच्या दैनिकात वाचकांच्या शंकांना मिश्कील, नेमकी उत्तरे देत होते. परंपरा आहे, ती घरात शिरायची राहिली.

तिच्या जागी शिरला तो उलट दिशेचा बाजार. २०१२ मध्ये योनी "घट्ट" करण्याचा दावा करणारी एक जेल मोठ्या जाहिरातीसह भारतात आली. गोरेपणाचे, सुगंधाचे, धुण्याचे द्राव तर आहेतच, आणि तुरटीचे घरगुती उपाय त्यांच्याही आधीचे. घट्टपणा, कोरडेपणा, वास नसणे: या सगळ्यांत बाईने दुसऱ्यासाठी कसे असावे याचा हिशेब आहे. तिला स्वतःला बरे वाटावे म्हणून विकली जाणारी वस्तू एकच, आणि तीच मागताना ती लाजते.

वापराची रीत सोपी आहे. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दिवसभर पाहावी. सुरुवातीलाच, दुखण्याची वाट न पाहता, योनीच्या तोंडाशी आणि जोडीदाराच्या अंगालाही लावावी. कंडोम असेल तर तो चढवल्यावर बाहेरून, आत फार तर एखादा थेंब, नाही तर तो निसटतो. कमी लावण्यापेक्षा जास्त लावलेली बरी. लावण्याचे काम दोघांनी मिळून केले तर ते खेळातलेच होते. आणि जेली असूनही दुखत असेल, आत जाताच स्नायू आपोआप आवळले जात असतील, खोलवर कळ येत असेल, नंतर रक्त दिसत असेल, तर ट्यूब बदलत बसू नये. योनिमुखाचा दाह, आवळणाऱ्या स्नायूंचा त्रास, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयमुखाचे आजार यांवर वेगळे उपचार आहेत, त्यांत ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपीही येते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर संभोगानंतर दिसलेला रक्ताचा एक डागही स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचा असतो, त्याच आठवड्यात.